दुसरी पावती

जूनच्या पहिल्या आठवड्यात लेकीच्या शाळेतून पुस्तकांचा खोका मिळतो. पूर्वी पुण्यात शाळेची पुस्तकं म्हटली की अप्पा बळवंत चौक. हातात घामेजलेली यादी, पुढे माणसांची भिंत, आणि काउंटरमागून ओरडणारा पोऱ्या, "भूगोल संपला, परवा या!" आता ती यातायात उरलेली नाही. शाळेत जायचं, सही करायची, खोका गाडीत टाकायचा. यंदा घरी येऊन तो फोडला, तर सगळी वह्या-पुस्तकं कव्हरं घालूनच आली होती. शाळेच्या रंगाचं प्लॅस्टिक, त्यावर छापील लेबल, लेबलावर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. मी खाकी कागदाची गुंडाळी, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन ऐसपैस मांडी घालून बसले होते. लेक म्हणाली, "आई, तुला आता काहीच काम नाही." तिच्या लेखी ही चांगली बातमी होती. खोक्याच्या तळाशी बिल होतं. त्यात 'कव्हर व लेबल' अशी वेगळी ओळ होती. रक्कम फार नव्हती, तरी ती ओळ मी पुन्हा वाचली.

कव्हर घालण्यात तसं काय आहे? आमच्या घरी हे काम दादांचं, म्हणजे वडिलांचं. ते एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर तिकिटं फाडून बोटांना कागदाची चांगली ओळख झालेली, त्यामुळे त्यांनी घातलेल्या कव्हराचा कोपरा वार्षिक परीक्षेपर्यंत उघडत नसे. गणिताच्या पुस्तकाला पाच मिनिटं पुरायची. इतिहासाला तास जायचा, कारण अफझलखानाच्या पानाशी हात थांबायचा. खान वाईचा सुभेदार, आणि आम्ही वाईचे. तो धडा आम्हाला घरातलाच वाटायचा. आई आतून विचारायची, "अहो, कव्हर घालताय का परीक्षेला बसताय?" दादा सातवी शिकलेले. पण दर जूनमध्ये आमच्या प्रत्येक पुस्तकातलं काही ना काही त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. मग श्रावणात कधीतरी जेवता जेवता विचारायचे, "ते अकबराचं झालं का गं शिकवून?" उत्तर काय येतं याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसे. विचारायचं, एवढंच.

वाईत वाढलेल्या माणसाला महाग शाळा म्हणजे काय हे समजावून द्यावं लागत नाही. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. थंड हवेसाठी साहेबाने वसवलेलं हे गाव पुढे निवासी शाळांचं गाव झालं. तिथल्या सेंट पीटर्समध्ये फारोख बल्सारा नावाचा एक पारशी मुलगा १९५०च्या दशकात शिकायला आला. जगाने त्याला नंतर फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. 'तारे जमीन पर'मध्ये दिसते ती शाळाही पाचगणीचीच. शाळा उघडायच्या सुमाराला सुरूर फाट्यावरून वळलेल्या मोटारी वाईतून घाटाकडे जायच्या. टपावर पत्र्याच्या ट्रंका, मागच्या सीटवर आईला चिकटून बसलेली मुलं. संध्याकाळी त्याच मोटारी परत उतरायच्या, तेव्हा टप मोकळा आणि मागच्या सीटवर एकटी आई.

आणि त्याच वाईत, खाली गंगापुरीत, प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठ्यांपाशी शिकायला विनोबा येऊन राहिले ते इथे. लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशातल्या पिंपळनेरहून पोरवयात आले ते इथेच, आणि पुढे ते तर्कतीर्थ झाल्यावर मराठी विश्वकोशाचं कामही वाईतच थाटलं गेलं. विद्येचे पैसे घ्यायचे नाहीत, ही अशा पाठशाळांची जुनी रीत. म्हणजे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मुलखातलं सगळ्यात महाग शिक्षण आणि नदीच्या काठाला बिनपैशाचं. या दोहोंच्या मधे आमच्या अनुदानित शाळेची कौलारू इमारत.

दादांची फेरी वाई–महाबळेश्वर. पाचगणीची मुलं त्यांना रोज दिसायची, ब्लेझर घातलेली, रांगेने टेबल लँडकडे निघालेली. दादा त्या मुलांबद्दल कौतुकाने बोलत. "मोठ्या माणसाशी बोलताना मान खाली घालत नाहीत," असं म्हणत. एकदा मात्र त्यांच्या गाडीत एक एकटाच मुलगा चढला. वय नऊ-दहा. "ये बस मुंबई जायेगी?" असं त्याने विचारलं. खिशात पैसे नव्हते. कुठल्या शाळेचा ते त्याने सांगितलं नाही, दादांनीही खोदून विचारलं नाही. वाई स्टँडवर उतरवून त्याला कँटीनमध्ये भजी खायला घातली, आणि पुढच्या फेरीला शेजारी बसवून वर नेऊन सोडला. शाळेत तोपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. घरी आल्यावर दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढी फी भरलीय म्हणजे आपल्या पोराकडे कुणीतरी बघत असेल, असं त्याच्या बापाला वाटत असणार."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. फी स्वतः भरायची वेळ आली तेव्हा ते परत वर आलं.

आमच्या शाळेबद्दल मी गळा काढणार नाही. तिथे मुलींना फी माफ होती. मुलांपैकी निम्मी ईबीसीवर, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीवर. त्यासाठी तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, आणि तलाठी कचेरीत सापडला तर दाखला. ज्यांचा दाखला वेळेवर यायचा नाही त्यांच्यासाठी महिन्याचा एक ठरावीक दिवस असे. वर्गशिक्षक हजेरी मिटून म्हणत, "फी राहिलेले उभे राहा." पसरणीकडून चालत येणारा एक मुलगा भावाच्या वर्गात होता. घरची हळद विकली गेली की त्याची फी यायची, तोवर तो उभा. रक्कम आज सांगितली तर लेकीला हसू येईल. उभं राहणाऱ्याला ती तेवढी हलकी नव्हती. स्वस्त शाळेतही लाज होती, मार होता, आणि पंचावन्न मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला न पडता बसून राहण्याची सोय होती. त्या बाकावरचे बरेच जण दहावीला गळाले. त्यांच्या आठवणी कुणी लिहिल्या नाहीत, म्हणून जुन्या शाळा आपल्याला एवढ्या गोड वाटतात.

शिवाय बिनपैशाची शाळा अशी खरी कधी नसतेच. मुलाने फी दिली नाही तर ती दुसऱ्या कुणीतरी दिलेली असते. जोतीराव फुल्यांना हे सगळ्यात आधी लख्ख दिसलं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन ठेवलं, त्यातला सल हाच होता: सरकारची तिजोरी भरतो तो राबणारा शेतकरी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. फी एकाची, शिकणारा दुसराच. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाळेत घातलं तर पैसे नाहीत, न घातलं तर पैसे! आज हा हिशेब वाचताना गंमत वाटते, पण त्यामागची नजर करडी होती. राजा स्वतः बघत होता, कुणाचं पोर घरी बसलंय ते.

आमच्या सातारा जिल्ह्यात तर फी कुणी दिली याची गोष्ट पोराटोरांना पाठ. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग चालवलं, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्या बोर्डिंगातल्या मुलांच्या फीची पावती कुणी फाडली नाही. फाडली असती तर तिच्यावर रक्कम काय लिहिली असती?

आता पुण्यात आमच्या सोसायटीत फीचा आकडा कुणी थेट विचारत नाही. "कुठल्या बोर्डाची?" असं विचारतात, आणि आकडा ज्याचा त्याने ओळखायचा. स्टेट बोर्ड म्हटलं की समोरचा समजूतदार हसतो. सीबीएसई म्हटलं की मान डोलते. आयबी म्हटलं की क्षणभर शांतता. पहिल्या हप्त्याचा निरोप वार्षिक परीक्षेच्या आधीच मोबाइलवर येऊन पडतो. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, उपक्रम शुल्क, बस, गणवेश, सहल. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत यातलं फक्त शिक्षण शुल्क वजावटीला चालतं, म्हणून मार्चमध्ये घराघरातून नवरा-बायको पावतीवरच्या ओळी सुट्या करत बसतात. मुलांच्या शिक्षण भत्त्याला करात सूट होती ती कितीतरी वर्षं एका मुलामागे महिना १०० रुपये. शंभर रुपयांत आता शाळेच्या टायची गाठसुद्धा येत नाही. ही रक्कम ठरवणाऱ्याने कधीकाळी शाळेची फी भरली असेल, तर ती बहुतेक आमच्या वाईच्या शाळेत.

एवढे पैसे भरून आपण घेतो काय? प्रवेशाच्या दिवसांत शाळा पालकांना इमारत फिरवून दाखवतात. पोहण्याचा तलाव, रोबोटिक्सची खोली, एखाद्या ठिकाणी घोडा. पालक सगळं बघतात, घोड्याचा फोटो काढतात, आणि बाहेर आल्यावर आधीपासून तिथे मूल असलेल्या ओळखीच्याला हळूच विचारतात, "पोरं कशा घरची आहेत?" खरी खरेदी तिथे असते. तलाव, घोडा ही वरची सजावट. आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसणार, यासाठी आपण मोजतो. आणि कोण बसणार नाही, यासाठी जरा जास्तच मोजतो.

म्हणूनच शिक्षणहक्क कायद्यातली (आरटीई) २५ टक्के जागांची तरतूद एवढी बोचली. २००९चा कायदा म्हणतो की विनाअनुदानित खासगी शाळांनीही पहिल्या पायरीवरच्या चौथाई जागा दुर्बळ आणि वंचित घरांतल्या मुलांना द्याव्यात. महाराष्ट्रात त्याची सोडत निघते. २०२४च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: किलोमीटरभराच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सुटका. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या चार-पाच महिन्यांत पालकांच्या बोलण्यात 'ते आरटीईवाले' हा शब्द किती सहज येत होता! आमच्या जवळच्या एका इमारतीच्या वॉचमनची मुलगी सोडतीतून लेकीच्या वर्गात आली आहे. हुशार आहे, कबड्डीत लेकीला सहज लोळवते. वर्ग रिसॉर्टवर सहलीला जातो तेव्हा मात्र ती घरी असते. सहल सोडतीत येत नाही.

फीचा विचार आपण मध्यमवर्गीय माणसं करतो तेव्हा आपल्यासारख्यांपुरताच करतो, हे मला आमच्या मावशींमुळे कळलं. त्या लातूरकडच्या, आमच्याकडे भांडी-फरशीला येतात. नातवाला त्यांनी गल्लीतल्या इंग्लिश शाळेत घातलाय. खाली किराण्याचं दुकान, वर दोन मजले वर्ग, पाटीवर 'इंटरनॅशनल'. फी वर्षाची दोन हप्त्यांत. एक हप्ता भिशीतून जातो, दुसरा दिवाळीला चार घरांतून मिळणाऱ्या जादा पगारातून. एक दिवस त्यांनी पिशवीतून नातवाची डायरी काढून माझ्यापुढे धरली.

"ताई, काय लिवलंय बघा बरं. लाल पेनानं लिवलंय म्हंजी कायतरी बोंब असणार."

गृहपाठ अपुरा असतो, पालकांनी रोज लक्ष घालावं, असं लिहिलं होतं. इंग्रजीत. मी ते सांगितलं, आणि वर म्हणाले, "मावशी, तुमच्या घरामागेच कॉर्पोरेशनची मराठी शाळा आहे. फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. तिथे घातला असता तर ही डायरी तुमच्या सुनेला वाचता आली असती."

मावशींनी डायरी मिटून पिशवीत ठेवली. "वाचता आली असती म्हणूनच न्हाई घातला. मला आन् सुनंला जेवढं येतंय तेवढ्याच साळंत त्याला घालून काय करू? आमच्या पल्याड जाऊ दे की त्याला."

मातृभाषेतून शिक्षण किती मोलाचं, यावर माझ्यापाशी बरंच काही तयार होतं. ते मी गिळलं. ज्या बाईची लेक इंग्रजी शाळेत जाते तिने ते मावशींना सांगावं, असा अधिकार मला कुठून आला? शिवाय त्या जे म्हणाल्या ते सगळ्या फी भरणाऱ्यांचं मूळ गणित आहे. आपल्याला वाचता येणार नाही अशा डायरीसाठीच आपण सगळे पैसे मोजतो. रोबोटिक्सची खोली बघताना मलाही त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणूनच ती पसंत पडत होती.

मावशींच्या पैशांचं चीज होईल का? आंध्र प्रदेशात काही अर्थतज्ज्ञांनी हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवायचा प्रयत्न केला होता. २००८पासून तिथल्या खेड्यांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी फीचे पैसे दिले, आणि नाव न निघालेली मुलं सरकारी शाळेतच राहिली. चार वर्षांनी दोघांना तपासलं. तेलुगूत आणि गणितात फरक नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुलं पुढे, कारण सरकारी शाळेत ती शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. हा निकाल दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या खिशात घालून फिरतात. कुणी म्हणतं, बघा, खासगी शाळेने जास्त काही दिलं नाही. कुणी म्हणतं, बघा, तेवढंच किती कमी पैशांत दिलं. मावशींना मी हे सांगितलं नाही. त्यांना गुण नको आहेत. त्यांना नातू बँकेत काउंटरपाशी उभा राहून मोठ्याने बोललेला हवा आहे.

आणि कमी पैशांत दिलं ते कुणाच्या पदरचं? आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण शिक्षिका राहते. एमएस्सी, बीएड. अशाच एका शाळेत गणित शिकवते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या तिच्या चुलतभावाला सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे. हिला त्याच्या निम्माही नाही, आणि मे महिन्याचा तर नाहीच. संध्याकाळी ती घरी शिकवण्या घेते. सकाळी ज्या मुलांना शाळेत शिकवते त्यातलीच काही मुलं संध्याकाळी तिच्याकडे फी देऊन तेच गणित शिकतात. मी एकदा विचारलं, "मग शाळेत काय होतं?" ती हसून म्हणाली, "ताई, शाळेत पोर्शन होतो. गणित इथे होतं." तिने ते कुणाची तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. चाळीस वह्या तपासून आलेल्या माणसाच्या थकव्याने सांगितलं होतं. विनाअनुदानित शाळांतले कितीतरी शिक्षक अनुदानाची वाट बघत मुंबईच्या आझाद मैदानात येऊन बसतात, त्यांच्या बातम्या वाचल्या की मला वाटतं, यांनीही कुणाच्या तरी मुलांची फी भरलेलीच आहे. काही वर्षांचा पगार, ही काय लहान फी झाली?

मग आमची फी वसूल होते का? मी नवऱ्याशी यावर अनेकदा बोलले आहे, बहुधा हप्त्याच्या आठवड्यात. त्याचं उत्तर दरवेळी वेगळं असतं, माझंही. लेक पोहते. चुकीचं इंग्रजी बोलायला घाबरत नाही, आणि हे मला आजही जमत नाही. मागे घरी आलेल्या पाहुण्यांना तिने तोंडावर सांगितलं, "काका, तुम्ही सांगताय ते बरोबर नाही." मी दचकले, पण दादा असते तर खूश झाले असते. पाचगणीच्या मुलांत त्यांना जे दिसायचं ते घाट उतरून एकदाचं आमच्या घरात आलं. ते पैशाने आलं की नाही, सांगता येत नाही. पैसे वाया गेले, असं तर मी नक्कीच म्हणणार नाही.

पण एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली आहे. फी जसजशी वाढली तसतसं माझं बघणं कमी झालं. पुस्तकं शाळा आणते, कव्हरं शाळा घालते, प्रकल्पाचं सामानसुद्धा पाकिटात घालून देते. मी ॲपवर हिरवी खूण बघते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात दिवसभर दीडशे निरोप येतात, त्यातले बहुतेक डब्याबद्दल. खासगी शाळेची फी ठरवण्यात पालक-शिक्षक संघाचा सहभाग असावा असा २०११चा राज्याचा कायदा आहे. त्या सभेला हॉलमधल्या खुर्च्या मोकळ्या असतात. उलट, ज्या शाळेत पालक छदामही देत नाहीत, त्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच हवेत असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. तिथे रोजंदारीवर जाणारी आई कागदावर तरी शाळेची कारभारीण आहे, आणि मी लाखभर भरून ग्राहक आहे. ग्राहकाला माल आवडला नाही तर तो दुकान बदलतो. शाळा सुधारणं हे त्याचं काम नसतं.

आपल्यासारखी माणसं एकेक करून महापालिकेच्या शाळांतून बाहेर पडली, तेव्हा तिथून गेली ती मुख्यतः ही नजर. पगार मागे राहिले, इमारती राहिल्या, चांगले शिक्षकही राहिले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, ते काही चमत्काराने नव्हे. "गुरुजी आज आले नाहीत का?" असं दारात येऊन विचारणारा, आणि विचारल्यावर ज्याला उत्तर द्यावंच लागतं असा माणूस मात्र राहिला नाही. मावशी विचारायला गेल्या तर त्यांना उद्या या म्हणतात. मी गेले तर खुर्ची देतील. पण मी जात नाही, कारण माझं तिथे कुणी नाही.

कुणी नाही, हे खरं नाही. मेच्या सुमाराला, फीच्या निरोपाच्या पुढेमागेच, महापालिकेचं मिळकत कराचं बिल येतं. सवलतीची मुदत टळायला नको म्हणून आपण ते घाईने भरतो. त्यात सफाईच्या आणि पाण्याच्या ओळींमध्ये शिक्षण कराची एक ओळ असते. प्राप्तिकरावर आरोग्य आणि शिक्षण यांचा चार टक्के उपकर लागतो, तो वेगळा. म्हणजे आपण फी दोनदा भरतो. एक लेकीच्या शाळेची. तिची पावती आपण फाइलला लावतो, तिच्यातली ओळ न् ओळ तपासतो, कव्हरचे किती लावले ते बघतो. दुसरी फी मावशींच्या घरामागच्या शाळेची. तिचं काय झालं, हे आपण विचारलेलं नाही. जोतीरावांच्या काळातला शेतकरी कर भरत होता आणि त्याच्या पोराला शाळा मिळत नव्हती. त्याची तक्रार त्यांनी आयोगापर्यंत नेली. आज कर भरणारे आपण आहोत, शाळाही उभी आहे, आणि तक्रार करायला आपण तयार नाही. आपलं मूल दुसरीकडे शिकतंय, तेवढ्याने आपलं समाधान झालंय.

खासगी शाळेची फी परवडत असेल तर भरावी, तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. कर्ज काढून भरू नये, आणि भरली म्हणजे मुलाकडे बघण्याचं काम दुसऱ्याला दिलं असं समजू नये, एवढं माझं मत आहे. पण यंदाचा हप्ता भरून झाला की एक करा. घराजवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, आपण इथलेच करदाते आहोत असं सांगा, आणि पाचवीतल्या एखाद्या मुलाकडून त्याच्या पुस्तकातलं एक पान वाचून घ्या. त्याला वाचता आलं तर शिक्षकांना शाबासकी द्या. नाही आलं तर पुढच्या महिन्यात परत जा.